मिनेसोटा नदीच्या खोऱ्यातल्या पायवाटा: आई-बाबांना घेऊन तीनदा गेलो, त्याचा रिव्ह्यू

आई-बाबा या वर्षी पाच महिने आमच्याकडे, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात होते. ज्यांचे आई-वडील इकडे येतात त्यांना माहितीये, पहिले दोन आठवडे मॉल, कॉस्टको आणि मेपल ग्रोव्हचं देऊळ यात जातात, आणि मग ते दोघं खिडकीत बसून "रस्त्यावर माणूसच कसं दिसत नाही गं" म्हणायला लागतात. नायगारा, न्यूयॉर्क वगैरे एकदाच होतं, रोजचं काय? म्हणून घराजवळचं मिनेसोटा व्हॅली नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युज, म्हणजे इथलं वन्यजीव अभयारण्य, दाखवायचं ठरवलं, एकदा म्हणून गेलो आणि तीनदा झालं. मराठीत याबद्दल कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक सांगते. सह्याद्रीत ट्रेक केलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं. गड नाही, माथा नाही, शेवटी पिठलं-भाकरी देणारी मावशी नाही. इथे चढून जायचंच नाही, उलट गाडी वर टेकाडावर लावून खाली नदीकडे उतरायचं. हे खोरं बघून पहिला प्रश्न पडतो की नदी एवढीशी आणि दरी एवढी रुंद कशी? तर बर्फयुग संपत आलं तेव्हा उत्तरेला वितळलेल्या बर्फाचं अ‍ॅगासिझ नावाचं अफाट सरोवर होतं, ते भरून वाहायला लागलं आणि त्याच्या पाण्याची जी प्रचंड नदी झाली, जिला आता वॉरन म्हणतात, तिने हे सगळं कोरलं. ती आटून हजारो वर्षं झाली, आजची मिनेसोटा नदी बापाचा सदरा घातलेल्या पोरासारखी त्या पात्रात फिरतेय. हे कळलं की तो सगळा चिखल, तळी, दलदल, वरचे सुळके नसलेले कडे, सगळ्याचा अर्थ लागतो.

रेफ्युज १९७६ साली झालं, तेही आजूबाजूच्या लोकांनी आपली दलदल वाचवा म्हणून मागे लागून करून घेतलं. ब्लूमिंग्टनपासून हेंडरसनपर्यंत नदीकाठाने साधारण ७० मैल तुकड्या-तुकड्यांत पसरलंय, १४,००० एकर म्हणतात. तिकीट नाही, पार्किंगला पैसे नाहीत. (शेजारचं फोर्ट स्नेलिंग स्टेट पार्क वेगळं, तिथे गाडीचं परमिट लागतं, त्यात गोंधळ करू नका.)

पहिल्यांदा ओल्ड सीडर अ‍ॅव्हेन्यू ब्रिजवर नेलं. आईचे गुडघे बघता हीच जागा बरोबर. लाँग मेडो लेकवरून जाणारा जुना लोखंडी पूल आहे, खूप वर्षं बंद होता, २०१६ मध्ये दुरुस्त करून पायी आणि सायकलवाल्यांसाठी उघडला, एकदम सपाट, व्हीलचेअर किंवा बाबागाडी आरामात जाते. मध्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूला पाणी, पाणकणीस आणि बगळे. पांढरे पेलिकनही दिसले, आईला ते आधी प्लास्टिकचे वाटले, मग त्यातल्या एकाने पंख पसरले आणि तिने माझा हात घट्ट धरला. एक गोष्ट माहीत असू द्या, एअरपोर्ट अगदी जवळ आहे, दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं, शांतता शोधायला येणाऱ्याने ही जागा निवडू नये. बाबांना मात्र विमानं बघायला जाम आवडली.

दुसऱ्यांदा बास पाँड्स. इथली तळी १९२६ च्या सुमारास बास मासे वाढवायला केलेली होती म्हणून हे नाव. उतरताना डांबरी उतार छान वाटतो, पण परत येताना तोच चढ, आई तीनदा बसली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना इथे नेऊ नका, स्पष्ट सांगते. पण जून महिन्यात गेलो होतो आणि वाटेच्या कडेच्या खडीत एक स्नॅपिंग टर्टल, चांगलं परातीएवढं कासव, मागच्या पायांनी खड्डा करून अंडी घालत होतं. पाठीवर शेवाळ वाळलेलं, शेपटी मगरीसारखी खाचांची, आणि चेहऱ्यावर असा दमलेला भाव की आई लांबूनच म्हणाली, "बाळंतीण आहे, चला, बघत उभं राहू नका." आम्ही वळसा घालून गेलो. त्याच दिवशी कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडत होता, सावरीचा उडतो ना तसाच, तळ्यावर पांढरी साय धरल्यासारखी झाली होती.

खालच्या जंगलात सिल्व्हर मेपल आणि कॉटनवुड जास्त. बुंध्यांवर नीट बघा, कमरेच्या वर एका सरळ रेषेत मातीचा रंग बदलतो, ती पुराची खूण. वसंतात बर्फ वितळला की नदी या झाडांत शिरते आणि ती झाडं पाण्यात उभी राहून तग धरतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर निघण्याआधी रेफ्युजच्या वेबसाइटवर कुठल्या वाटा बंद आहेत ते बघाच. आम्ही एका मॅप अ‍ॅपच्या भरवशावर एकदा गेलो, त्यात वाट उघडी दाखवत होतं आणि प्रत्यक्षात दहा मिनिटांवर घोट्यापेक्षा वर पाणी, गुपचूप परत फिरलो.

आता मुख्य गोष्ट, लुईव्हिल स्वाँप (स्वाँप म्हणजे दलदल), आमच्या शाकोपी गावाच्या दक्षिणेला. ऑगस्टच्या शेवटी गेलो, आई-बाबांना परत निघायला पंधरा-वीस दिवस राहिले होते. माझाच हट्ट, कारण लोक या जागेबद्दल बोलताना दलदलीचं आणि जुन्या शेतघराच्या दगडी भिंतींचं कौतुक करतात आणि सुरुवातीचा गवताचा पट्टा "बोरिंग पार्ट" म्हणून भराभर ओलांडतात. मीही इतकी वर्षं तेच करत होते. बाबा सोलापूरकडचे, बालपण माळावर गुरांमागे गेलेलं. पार्किंगपासून थोडंसं चाललो आणि ते थांबले. गवत त्यांच्या डोक्याच्या वर. त्यांनी एक तुरा वाकवून हातात धरला, तोडला नाही, इथे काही तोडायचं नसतं हे मी सांगितलं होतं. तुऱ्याला तीन बोटं, जांभळट-तपकिरी, टर्कीच्या पायासारखी. बाबा म्हणाले, "अगं हे तर मारवेल आहे. म्हणजे मारवेलचा थोरला भाऊ." घरी येऊन मी शोधलं, बिग ब्लूस्टेम हे ते गवत, आणि खरंच ते आणि आपलं मारवेल एकाच कुळातल्या एकाच गटातले! पुस्तक न वाचता माणसाने नुसत्या तुऱ्यावरून ओळखलं.

मग पाऊण तास ते गवतच बघत होते. मी त्यांना वाचलेलं सांगितलं, की या राज्यात पूर्वी जेवढी मूळ प्रेअरी, म्हणजे उंच गवताची माळरानं, होती त्यातली आता शेकडा दोनसुद्धा उरलेली नाही, बाकी सगळी नांगराखाली गेली, आणि या गवतांची मुळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात म्हणून दुष्काळ पडो की वणवा लागो, ती खालून परत येतात. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्याकडे याला पडीक म्हणतात." नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य केलं ते १९७९ साली, त्यांच्या तरुणपणीच, आणि तेव्हा गावात सगळे विचारायचे की या ओसाड माळावर राखायचं काय. इकडे तेच गवत मुद्दाम बी पेरून परत आणतायत, हे त्यांना फार लागलं. मला पण.

वाटेवर बर ओक जातीचे मोठाले वृक्ष एकेकटे उभे आहेत, मध्ये मध्ये गवत, याला सव्हाना म्हणतात. बर ओकची साल इतकी जाड की गवताची आग तिला फारसं काही करत नाही, कोवळी झुडपं मात्र जळतात, म्हणून रेफ्युजवाले ठराविक तुकडे ठरवून जाळतात, नाहीतर पंधरा-वीस वर्षांत माळाचं जंगल होईल. पुढे दलदल, तिथे वाट खाली उतरते. आख्खी मोठी फेरी साडेचार मैलांच्या आसपास, आम्ही अर्ध्यातून परतलो, दगडी शेतघरापर्यंत गेलो नाही, त्याचं मला काही वाटलं नाही.

काही कामाच्या गोष्टी. गोचीड! हरणांवरच्या गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि त्यांच्या चावण्यातून लाइम डिसीज नावाचा आजार होतो, त्यामुळे फिकट रंगाची पॅन्ट, मोजे पॅन्टवर ओढलेले, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे बघा. माझ्या लेकाच्या मोज्यावर दोन सापडल्या, कातडीला चिकटल्या नव्हत्या म्हणून निभावलं. आईला साडीत नेऊ नका, मी पहिल्यांदा नेलं आणि काठाला कुसळं लागून आली, पुढच्या वेळी सलवार आणि बूट. जुलैमध्ये संध्याकाळी डास फोडून काढतात, सकाळी आठच्या आत जा. पाणी घरून न्या, वाटेवर नळ नाही. शरद ऋतूत काही भागांत शिकारीला परवानगी असते तेव्हा केशरी जॅकेट घाला. आणि लुईव्हिलच्या शेजारीच ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शनिवार-रविवारी मोठी जत्रा भरते, रस्ता तुंबतो, आम्ही मुद्दाम मंगळवारी गेलो.

माझ्याकडून पुलाला पाचपैकी चार, बास पाँड्सला साडेतीन (चढामुळे), लुईव्हिलच्या माळाला पाच.

काल व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं की जाळतात ते नेमकं केव्हा. म्हटलं बहुतेक वसंतात, मग काळ्या जमिनीतून आठवड्या-दोन आठवड्यांत कोवळे कोंब येतात. पुढच्या वर्षीचं तिकीट आम्ही जूनचं बघत होतो, आता एप्रिलअखेरचं काढलंय.