सांधेदुखीची मुळे : बेळगावच्या काष्ठौषधी दुकानांतला माल

गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी बेळगावच्या बाजारात मुख्यतः चार गोष्टींना गिऱ्हाईक असते : आस्कंद (अश्वगंधा), सुंठ, दशमूळ (दहा मुळांचे मिश्रण) आणि रास्ना. माल चांगला मिळतो, पण अख्खा मागितला तरच. सुट्ट्या चूर्णाला आमचा साफ नकार.

आस्कंदाचे मूळ दुकानातच मोडून बघा. कट्‌कन मोडले आणि आत पांढरे, पिठूळ दिसले की घ्या. चिवट, मधोमध भेंड असलेला तुकडा खोडाचा. पानांत विथाफेरिन-ए हे पेशींना घातक ठरू शकणारे द्रव्य जास्त असते. आयुष मंत्रालयानेही २०२१ मध्ये उत्पादकांना फक्त मूळ वापरायला सांगितले. भुकटीत पाला मिसळला तर डोळ्यांना कळत नाही. थायरॉईडच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी आस्कंद परस्पर घेऊ नये.

सुंठ पांढरीशुभ्र असेल तर चुना लावलेला असतो. मातकट रंगाची, किडीची भोके नसलेली घ्या. आले वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचे आणखी तिखट शोगॉल होते, म्हणून सुंठ जास्त जहाल. दोन्ही द्रव्ये सूज वाढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

रास्नेचा घोळ खास आपल्या सीमाभागातला. उत्तरेकडच्या मालात रास्ना म्हणजे प्लुचिया या झुडपाची पाने, दक्षिणेकडच्या मालात आल्याच्या कुळातल्या कोष्ठकुलिंजनाचे कंद. वैद्यांनी नेमके काय लिहिले आहे ते विचारूनच पुडा बांधून घ्या.

दशमुळात बेल, शिवण, पाडळीच्या मुळांऐवजी सर्रास खोडाची साल येते; दुकानदाराला तसे स्पष्ट विचारावे. काढ्याला भरडच हवी : १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी, झाकण न ठेवता मंद आचेवर ४० मिली उरेपर्यंत. बारीक चूर्ण तळाला लागून करपते, गाळलेही जात नाही. पावसाळ्यात इथल्या दमट हवेने मुळांना बुरशी धरते, तेव्हा महिन्यापुरतीच घ्या आणि काचेच्या बरणीत ठेवा.

एक गोष्ट मात्र खटकते. काही ठिकाणी कच्चा बचनाग, म्हणजे विषारी मुळी, न विचारता हातात ठेवतात. त्यातले अ‍ॅकोनिटिन मज्जातंतूंचे सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते. आधी बधिरपणा येतो, मग हृदयाची लय बिघडते. शोधन, म्हणजे त्याचा विषारीपणा कमी करणे, हे औषधशाळेचे काम, घरच्या पातेल्यातले नव्हे. चोळायच्या तेलातही तो घालू नका, कातडीतूनही भिनतो. ओठ-जिभेला मुंग्या आल्या, उलटी झाली तर घरी काही पाजत न बसता थेट रुग्णालय गाठा, आणि उरलेली मुळी सोबत न्या.