वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण: नागपूरच्या वर्गात किती उतरतं?

पहिली ते तिसरीच्या शिक्षकांसाठीच्या या ६ सत्रांच्या प्रशिक्षणाचा खरा जीव दुसऱ्या सत्रात आहे. ‘वाचता येत नाही’ एवढ्यावर न थांबता मूल नेमकं कुठे अडतं, ते शोधायला इथे शिकवतात. न पाहिलेला साठेक शब्दांचा उतारा द्यायचा, एक मिनिट लावायचं, चुकलेल्या शब्दावर खूण करायची आणि मुलानं काय वाचलं तेही टिपायचं. पाठ्यपुस्तकातला धडा अजिबात नको. अर्धा वर्ग तो तोंडपाठ म्हणतो आणि आकडा फुगतो. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं दुसरीसाठीचं लक्ष्य मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचं, पण नुसत्या वेगावरून उपाय ठरत नाही. कुणाची घ-ध, भ-म यांत गल्लत होते. कुणी पहिल्या वेलांटीला अडतं, कारण ती दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. कुणाला सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या यांतला र ओळखूच येत नाही. तिघांचा सराव वेगळा.

अक्षरांचा क्रमही शहाणपणाचा. क-ख-ग-घ असं रेटत न जाता क, म, न आणि काना एवढ्यावरच काम, कान, नाक, मान, मामा, कमान. घ आणि ध एका आठवड्यात घ्यायचे नाहीत. मूल अडलं की पाच सेकंद गप्प राहा, ही सूचना छोटी, पण आपल्याकडे बाई लगेच शब्द सांगून मोकळ्या होतात आणि मूल पुस्तक सोडून बाईंच्या तोंडाकडे पाहायला शिकतं.

खटकतं ते चुका मोजण्याचं कोष्टक. घरी ‘डोया’, ‘पानी’ बोलणारं आपलं पोरगं ‘डोळा’, ‘पाणी’ तसंच वाचतं आणि अर्थ विचारला तर बरोबर सांगतं. कोष्टकात मात्र दोन चुका! ही वाचनाची चूक नव्हेच. वेगळी खूण करा, गुण कापू नका. हिंदीभाषक घरातलं मूल ‘ळ’चा ‘ल’ करतं, ‘चाक’मधला च ‘चार’सारखा उच्चारतं. अक्षर ओळखता येतं की नाही, याची खात्री करायची तर ‘काल’ आणि ‘काळ’ शेजारी लिहून, आपण म्हणू तो शब्द बोटानं दाखवायला सांगा. बरोबर दाखवलं तर कमी आहे ती मराठी बोलण्याच्या सवयीची, वाचनाची नाही. रामटेक-देवलापारकडच्या गोंडी बोलणाऱ्या मुलांबद्दल तर सहाही सत्रांत चकार शब्द नाही.

प्रमाणपत्राची चाचणी बहुपर्यायी, अंदाजानं सुटणारी. त्याऐवजी एका मुलाच्या वाचनाचं रेकॉर्डिंग आणि त्यावरच्या खुणा मागवल्या असत्या तर कोण शिकलं ते कळलं असतं. थेट सत्रं ऐन शाळा सुटायच्या वेळी असतात, म्हणून सत्रांचं रेकॉर्डिंगच बघा: दुसरं सत्र दोनदा, कागद-पेन घेऊन. पाचवं, ‘प्रेरणा’वालं, वगळलं तरी काही बिघडत नाही.