आठ बॉक्सची ओपन-विड्थ वॉशिंग रेंज: वर्षभर चालवल्यावरचा अनुभव

ही रेंज म्हणजे रंगवलेलं किंवा ब्लीच केलेलं कापड उघड्या पन्ह्यात, ओळीने मांडलेल्या पाण्याच्या बॉक्समधून नेत धुणारं मशीन. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच रेंज घेईन. फक्त दोन बॉक्स कमी सांगेन आणि ते पैसे मधल्या स्क्वीझरवर, म्हणजे बॉक्सनंतर कापड पिळणाऱ्या रोलांच्या जोड्यांवर, घालीन. वर्षभर तिन्ही पाळ्यांत चालवल्यावर झालेलं हे मत आहे. नवं मशीन निवडताना बहुतेक जण आधी बॉक्स मोजतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आमचं काम मुख्यतः मागावर विणलेल्या सुती कापडाचं, थोडं लायक्रा (ताणणारा धागा) मिसळलेलं. रंगाई कोल्ड पॅड बॅच पद्धतीने, रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत. म्हणजे कापड रंग आणि अल्कलीत पॅड करायचं (बुडवून रोलांत पिळायचं), बॅच गुंडाळून प्लास्टिकखाली रात्रभर फिरत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी धुवायची. याशिवाय ब्लीचनंतरचं आणि मर्सराइझनंतरचं (कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेनंतरचं) कापडही याच रेंजवर येतं. पूर्वी हे सगळं जिगरवर, म्हणजे एकाच कुंडातून कापड दोन रोलांवर मागे-पुढे गुंडाळणाऱ्या मशीनवर, चालायचं. जिगरवर कापड पुन्हा पुन्हा त्याच पाण्यातून जातं. पाणी घाण झालं की सोडायचं, नवं भरायचं, तापवायचं. गडद शेडला ही भरा-सोड संपता संपत नसे, आणि थानाच्या सुरुवातीचं कापड शेवटच्या कापडाशी जुळेलच याची खात्री नसे.

रेंजची रचना तशी सरळ आहे. कापड पूर्ण पन्ह्यात, घडी न पडता, प्रत्येक बॉक्समध्ये वरच्या-खालच्या रोलांवरून वर-खाली फिरतं. बाहेर पडताना दोन रोलांत पिळलं जातं आणि पुढच्या बॉक्समध्ये शिरतं. आमच्या एका बॉक्समध्ये साधारण 20 मीटर कापड मावतं. मिनिटाला 40 मीटरचा वेग धरला तर एका बॉक्समध्ये 30 सेकंद आणि आठ बॉक्समध्ये 4 मिनिटं मिळतात. जे काही व्हायचं ते या चार मिनिटांत व्हायला हवं, त्यामुळे प्रत्येक बॉक्सचं तापमान आणि पाण्याची दिशा यांना इथे जिगरपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व आहे.

पाणी कापडाच्या उलट दिशेने वाहतं. ताजं पाणी सातव्या बॉक्समध्ये पडतं, तिथून सहाव्यात, पाचव्यात असं मागे येत तिसऱ्यातून बाहेर जातं. त्यामुळे सगळ्यात स्वच्छ कापडाला सगळ्यात स्वच्छ पाणी मिळतं आणि एकच पाणी पाच वेळा कामाला येतं. पहिल्या दोन बॉक्सना वेगळं पाणी आणि वेगळा ड्रेन आहे. आठवा न्यूट्रलायझेशनसाठी (उरलेली अल्कली मारण्यासाठी), असेटिक अ‍ॅसिडचा. ही विभागणी व्हॉल्व्हने बदलता येते, आणि ब्लीचनंतरच्या कापडासाठी आम्ही ती बदलतोही. मशीन पाहायला जाल तेव्हा हे व्हॉल्व्ह आहेत का ते जरूर पाहा. एकाच सरळ ओळीत सगळे बॉक्स जोडलेले असतील तर कोल्ड पॅड बॅचच्या कामात हाल होतील.

का, ते सांगतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंग 1956 मध्ये बाजारात आले. तंतूशी रासायनिक बंध जोडणारे रंग म्हणून त्यांचा पक्केपणा वाखाणला गेला, पण त्या पक्केपणाची अर्धी जबाबदारी धुलाईवर आहे. सगळा रंग बंध जोडत नाही. काही भाग पाण्याशीच प्रक्रिया करून बसतो आणि तंतूत नुसता अडकून राहतो. तो राहिला की ओल्या घासण्यात रंग उतरतो आणि शेजारचं पांढरं कापड डागतं. हा अडकलेला रंग आतून बाहेर यायला गरम पाणी लागतं. उष्णता वाढली की त्याची तंतूवरची ओढ सैल होते आणि तो झपाट्याने बाहेर पडतो. मात्र कापडात अल्कली शिल्लक असताना एकदम 95 अंशांच्या पाण्यात घातलं, तर विशेषतः व्हिनाइल सल्फोन गटातल्या रंगांचे जोडलेले बंधही तुटायला लागतात. म्हणून आधी गार किंवा कोमट पाण्याने अल्कली काढायची आणि मगच गरम पाणी लावायचं. पहिल्या दोन बॉक्सचं पाणी वेगळं हवं ते यासाठी.

आमची बसलेली मांडणी अशी: पहिला बॉक्स गार, दुसरा 50–60 अंशांवर, तिसरा ते सहावा 95 अंशांवर, सातवा 60 वर, आठवा गार. सोपिंगचं (सुटा रंग धुऊन काढणारं, साबणासारखं) रसायन आम्ही पाचव्यात डोस करतो, तेही थोडंच. सोपिंगच्या रसायनावर लोक फार भर देतात. माझ्या अनुभवात 95 अंशांचं मऊ पाणी निम्म्याहून जास्त काम करतं. पाणी जड असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे सुटलेला रंग कापडावरच रेंगाळतो, आणि मग कितीही साबण ओता, ओल्या घासण्याचा ग्रेड (ओलं पांढरं कापड घासून रंग किती उतरतो त्याची श्रेणी) वर सरकत नाही.

आता स्क्वीझर. या मशीनबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच.

धरून चाला की एक बॉक्स आणि त्यामागचं पिळणं मिळून कापडातली 60 टक्के घाण काढतात, 40 टक्के उरते. पाच बॉक्सनंतर किती उरेल? 0.4 ला पाच वेळा गुणलं की उत्तर साधारण 1 टक्का येतं. आता पिळणं ढिलं आहे आणि प्रत्येक बॉक्सनंतर 50 टक्के उरते असं धरा. पाच बॉक्सनंतर 3 टक्क्यांच्या वर उरेल, म्हणजे तिप्पट घाण. त्याच एका टक्क्यावर यायचं तर सातवा बॉक्स लागेल. दोन बॉक्स म्हणजे दोन बॉक्सची वाफ, जागा, रोल, बेअरिंग आणि साफसफाई. यामागचं कारण साधं आहे. 100 किलो कापड पिळून 70 लिटर पाणी घेऊन पुढे गेलं, तर तेवढीच घाण पुढच्या बॉक्समध्ये जाते. पिळणं कमी पडून 100 लिटर घेऊन गेलं, तर मागच्या बॉक्सचं 30 लिटर घाण पाणी आपणच पुढे वाहून नेतो आणि उलट्या प्रवाहाचा सगळा फायदा घालवतो.

आमच्या रेंजमध्ये शेवटचा स्क्वीझर भारी आहे आणि मधले हलके. विकणाऱ्याचं म्हणणं होतं की मध्ये हलका दाब पुरतो. पॉपलिनसारख्या हलक्या कापडाला पुरतो हे मान्य. चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या ट्विलसारख्या जाड कापडाला पुरत नाही. एकाच शेडचा लॉट दोन भागांत चालवून पाहिला. एका भागाला पाणी वाढवलं. दुसऱ्याला पाणी होतं तेवढंच ठेवून दुसऱ्या आणि चौथ्या बॉक्समागच्या स्क्वीझरचा दाब मर्यादेपर्यंत नेला. ओल्या घासण्यात दुसरा भाग स्पष्टपणे वरचढ ठरला. तेव्हापासून शेड बसत नसली की माझ्या पाळीत आधी दाब आणि तापमान पाहतात, पाण्याच्या व्हॉल्व्हला नंतर हात लावतात.

रबर रोलांची देखभाल मात्र अंगावर घ्यावी लागते. गरम पाणी, अल्कली आणि सततचा दाब यांनी रबराचा पृष्ठभाग काही महिन्यांत गुळगुळीत चकचकीत होतो, मग कडक होतो. कडांपेक्षा मध्य जास्त झिजला की मध्यभागी पाणी राहतं. कार्बन पेपर आणि कागदाची पट्टी रोलांमध्ये दाबून ठसा घेतला की हे लगेच कळतं. ठसा कडेपासून कडेपर्यंत सारख्या रुंदीचा आला पाहिजे. दर महिन्याला आम्ही हा ठसा तारीख घालून ठेवतो. रोल घासून घ्यायचा की अजून चालेल, हा वाद त्या कागदांमुळे मिटला. एक जादा रोल घरात ठेवाच. रोल बाहेर पाठवला की तो येईपर्यंत रेंज अर्ध्या ताकदीने चालवावी लागते.

वाफेबद्दल. 1000 लिटर पाणी 30 अंशांवरून 95 वर न्यायला 65,000 किलोकॅलरी लागतात, म्हणजे साधारण 130 किलो वाफ. कापड मीटरला 400 ग्रॅम आणि वेग मिनिटाला 50 मीटर असेल, तर तासाला 1200 किलो कापड होतं. किलोमागे 10 लिटर पाणी धरलं तरी तासाला 12,000 लिटर. या आकड्यांकडे पाहिलं की हीट एक्स्चेंजर (सांडपाण्याची उष्णता प्लेटांमधून ताज्या पाण्याला देणारं उपकरण) हा चैनीचा भाग राहत नाही. तिसऱ्या बॉक्समधून बाहेर पडणारं गरम सांडपाणी आमच्याकडे आत येणाऱ्या ताज्या पाण्याला तापवून मगच जातं. बॉयलरवरचा भार त्यामुळे जाणवण्याइतका उतरला आणि सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत जाणारं पाणीही कमी गरम असतं.

तक्रारीची जागाही हीच. सांडपाण्यात कापडाचे बारीक तंतू असतात आणि प्लेटांच्या अरुंद फटींत ते गच्च बसतात. फिल्टर आहे, पण जाळी हाताने काढून धुवावी लागते. रात्रपाळीत तिकडे कोणी फिरकलं नाही की सकाळी ताजं पाणी नेहमीच्या तापमानाला पोचत नाही. फिरत्या ड्रमचा, आपोआप साफ होणारा फिल्टर पहिल्यापासूनच मागा. नंतर बसवायला पाइपची सगळी रचना बदलावी लागते, आम्ही सध्या त्याच खटपटीत आहोत.

दुसरी तक्रार सिलिकेटची. कोल्ड पॅड बॅचमध्ये सोडियम सिलिकेट वापरत असाल तर पहिल्या बॉक्समध्ये भरपूर गार, मऊ पाणी हवं. ते कमी पडलं की रोलांवर कडक पांढरा थर जमतो आणि तो कापडावर ओरखडे पाडतो. एकदा बसलेला थर खरवडून काढणं म्हणजे फिटरची परीक्षाच. पहिल्या बॉक्सचं पाणी वाचवायला जाऊ नका. सातव्यात वाचवा.

ताणाबाबत मी समाधानी आहे. प्रत्येक स्क्वीझरला वेगळी मोटर, मध्ये कॉम्पेन्सेटर रोल (ताण सांभाळणारा हलता रोल) आणि लोड सेल (ताण मोजणारा). आमच्या कापडांत पन्ह्याची घट ताब्यात राहिली. लायक्राच्या कापडाला किनार वळते, तिथे आत शिरतानाचा गायडर (कापड मध्यावर ठेवणारा) आणि वाकडा एक्स्पांडर रोल (पन्हा पसरवणारा) दोन्ही नीट जुळवावे लागतात. एकदा जुळलं की बिनघोर. निटेड (टी-शर्टसारखं, फासे गुंफलेलं) कापड मात्र यावर घालू नये. इतक्या वर-खाली फेऱ्यांत ते लांबतंच. त्याला सच्छिद्र ड्रमचा वॉशर हवा.

मर्सराइझनंतरच्या कापडाला कॉस्टिकची चाचणी म्हणून फिनॉल्फ्थॅलिनचा (अल्कली असली की गुलाबी होणाऱ्या द्रवाचा) थेंब टाकतो. वरवर रंग आला नाही तरी सुताच्या गाभ्यात अल्कली असू शकते, म्हणून कापड आडवं कापून, धागा उसवून तिथेही थेंब टाकावा. ब्लीचनंतर उरलेलं पेरॉक्साइड पट्टीने तपासतो, कारण ते राहिलं तर पुढच्या रंगाईत रिअ‍ॅक्टिव्ह रंग बिघडतो. या दोन्ही कामांत रेंजने कधी निराश केलं नाही.

सुरक्षेबाबत एक सूचना. कापड ओवताना पिळणाऱ्या रोलांत हात जाण्याचा धोका खराच असतो. आमच्या रेंजला निप गार्ड (रोलांच्या फटीपुढचं संरक्षण), दोन्ही बाजूंनी ओढायची दोरी आणि झाकण उघडलं की थांबवणारं इंटरलॉक आहे. ओवण्यासाठी वेगळी मंद गतीही आहे. लॉट संपताना लीडर कापड (पुढचा लॉट जोडून ओढण्यासाठीचं साधं कापड) आत सोडून ठेवायची शिस्त पाळली तर मुळात ओवायची वेळच क्वचित येते. काही ठिकाणी घाईत इंटरलॉक बायपास केलेलं मी पाहिलं आहे. 95 अंशांच्या बॉक्सवर असं करू देणारा पाळीप्रमुख मला चालणार नाही.

शेवटी, कोणी घ्यावी आणि कोणी थांबावं. आठ बॉक्समध्ये मिळून 160 मीटर कापड एका वेळी आत असतं. 300 मीटरचा लॉट असेल तर निम्म्याहून जास्त लॉट आत असताना तुम्ही तापमान आणि डोस स्थिर करत असता, आणि शेड बदलताना आठही बॉक्स रिकामे करून, धुऊन, पुन्हा तापवावे लागतात. गडदावरून फिक्या शेडवर जाताना तर यातून सुटकाच नाही. म्हणून पाळीतला क्रम आम्ही फिक्याकडून गडदाकडे लावतो आणि छोटे लॉट अजूनही जिगरवरच पाठवतो. तुमचं बहुतेक काम हजार मीटरच्या खालचं असेल, तर चांगल्या स्क्वीझरचे चार-पाच बॉक्स घ्या आणि एक जिगर चालू ठेवा.