उमरेड रोडचं ट्रॅक्टर गॅरेज: लिफ्ट अन् गिअरच्या कामासाठी जाणार असाल तर वाचा

नागपूरला दिघोरीच्या पुढे उमरेड रोडला जे टिनाच्या शेडमधलं गॅरेज आहे, जिथं कायम दोन-तीन जुने ट्रॅक्टर अर्धे उघडलेले दिसतात, त्याच्याबद्दल लिहितोय, कारण कुही-उमरेडकडचे लय लोक विचारतात की जुन्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबानं मागचं अवजार उचलणारी लिफ्ट, कोण नीट करून देतं. माझ्या मते सध्या तरी हाच माणूस.

आमच्याकडे मॅसी फर्ग्युसन १०३५ आहे, ३ सिलेंडरचा, लय जुना, इंजिन आजही एका सेल्फमध्ये चालू होतं पण मागचं सगळं त्रास देऊन राहिलं होतं. पल्टी नांगर उचलला की लिफ्ट वर जाऊन स्थिर राहायची नाही, उचकी लागल्यासारखी खाली-वर करायची, आणि इंजिन बंद केलं की नांगर पाहता पाहता जमिनीवर. त्यात ट्रॉली भरलेली असली अन् चढ लागला की दुसरा गिअर आपोआप निघून न्यूट्रल. यात कंपनीचा काही दोष नाही, एवढी वर्षं काळ्या मातीत राबल्यावर कुठलंही मशीन झिजणारच. आधी एका मेकॅनिकला दाखवलं होतं तर त्यानं ऑइल मोजायच्या डिपस्टिकलासुद्धा हात न लावता सांगितलं की पंप गेला, नवा टाका, गिअरबॉक्सही पूर्ण खोलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून बाबा म्हणाले की त्यापेक्षा विकून टाकू.

या गॅरेजचे मिस्त्री वयानं मोठे आहेत, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. त्यांनी पहिलं काम काय केलं तर ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा केला आणि डिपस्टिक काढून ऑइल बोटावर घेतलं. रंग दुधाळ, चहासारखा. मग त्यातले दोन थेंब तापवलेल्या पत्र्यावर टाकले, तर तडतड आवाज आला. म्हणाले, "पाणी हाय भाऊ याच्यात, पंपाचं मंग पाहू." पाणी कुठून आलं तेही लगेच दाखवलं, गिअर लिव्हरच्या खालचं रबर फाटलेलं होतं, पावसात ट्रॅक्टर उघड्यावर उभा राहिला की तिथून थेट आत. मौदा-रामटेककडे धानाची चिखलणी करणाऱ्यांचे ट्रॅक्टरही असेच पाणी पिऊन येतात म्हणे, तिथं मात्र सीलमधून जातं.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण मला ती यांनीच नीट समजावली. या ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) आणि लिफ्ट तिघांचं ऑइल एकच आहे, पंप मागच्या हाउसिंगच्या आत त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. म्हणजे गिअर झिजून लोखंडाचा जो चुरा पडतो तो पंपाच्या जाळीपर्यंत जातो, आणि पाणी गेलं तर बेअरिंगपासून पंपापर्यंत सगळ्यांचंच नुकसान. म्हणून लिफ्टची तक्रार घेऊन आलेल्याचा गिअरही तपासायचा आणि गिअरवाल्याची लिफ्टही, अशी त्यांची पद्धत आहे. ऑइल काढल्यावर तळाच्या गाळात चुंबक फिरवलं, बारीक राखाडी चिखल निघाला, दाताचे तुकडे नाहीत. त्याच्यावरूनच त्यांनी सांगितलं की पूर्ण गिअरबॉक्स खोलायची गरज दिसत नाही.

पंपाचं निदान तर मला सगळ्यात जास्त आवडलं. थोडंच ऑइल ठेवून बाजूची झाकणप्लेट काढली, नांगर उचलून ठेवला, त्याच्याखाली जाड लाकडी ओंडका सरकवला आणि इंजिन चालू ठेवून आत टॉर्च मारला. मलाही पाहायला लावलं. वर लिफ्टच्या सिलेंडरच्या तोंडातून ऑइलची धार गळत होती आणि खाली पंपाच्या आजूबाजूला काहीच नाही. म्हणजे पंप दाब बरोबर देऊन राहिला होता, पिस्टनची रिंगच तो धरून ठेवत नव्हती, पंप भरायचा, रिंगेतून गळायचं, पुन्हा भरायचा, तेच ते खाली-वर. दाबाच्या ऑइलजवळ हात न्यायचा नाही हे त्यांनी हाताखालच्या पोराला दोनदा बजावलं, बारीक धार चामडीत घुसते, गळती शोधायची तर पुठ्ठा पुढे धरायचा.

मग सीट अन् वरचं लिफ्ट कव्हर चेन-पुलीनं उचलून पिस्टनची रिंग, पाइपच्या ओ-रिंगा (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) बदलल्या, जाळी साफ केली. जाता जाता टॉप लिंक (नांगराला वरून धरणारा दांडा) जिथं बसते तिथली मोठी स्प्रिंगही हातानं फिरवून पाहिली, तिच्यात ढिलेपणा होता. ही स्प्रिंग म्हणजे ट्रॅक्टरची अशी लिफ्ट काढणाऱ्या हॅरी फर्ग्युसनच्या पद्धतीचा जीव आहे, नांगर कडक जमिनीत अडला की टॉप लिंक स्प्रिंगला दाबते आणि लिफ्ट स्वतःच नांगर जरा वर घेते. स्प्रिंग ढिली असेल तर नांगराची खोली एकसारखी राहत नाही, आणि आपण उगाच लिव्हरशी झटत बसतो. तिचं ॲडजस्टमेंट वेगळे पैसे न घेता करून दिलं.

गिअरच्या बाबतीत त्यांचा साधा हिशोब आहे. सगळेच गिअर घासून पडत असतील तर आधी क्लचच्या पेडलचा फ्री प्ले (मोकळी चाल) बघा, गिअरबॉक्सला हात लावू नका. एकच गिअर निघत असेल तर त्याच गिअरचा फोर्क (गिअर सरकवणारा काटा), दात नाहीतर शाफ्ट अडवणारी गोळी-स्प्रिंग. आवाज न्यूट्रलमध्ये येतो अन् क्लच दाबला की बंद होतो तर आतलं बेअरिंग, क्लच दाबल्यावरच येतो तर रिलीज बेअरिंग. आमचा फक्त दुसराच निघत होता, वरचं कव्हर काढलं तर स्प्रिंग पार बसलेली आणि फोर्क एका बाजूनं झिजलेला. दोन्ही बदलले. दात थोडे गोल झालेत हेही स्पष्ट सांगितलं, की अजून काही हंगाम निघतील पण कधीतरी तो गिअर नवा टाकावाच लागेल. हे न सांगता पैसे घेतले असते तरी मला कळलं नसतं.

आता कमी काय ते. पक्कं बिल मिळत नाही, कागदावर हातानं लिहून देतात, मजुरी आधी जेवढी सांगितली तेवढीच घेतली हे खरं पण ज्याला बिल लागतं त्यानं आधीच बोलून घ्या. पार्ट ते ठेवत नाहीत, यादी देतात, आपल्यालाच आणावे लागतात, आणि ओ-रिंग लोकल आणली तर बसवायला सरळ नकार देतात, गरम ऑइलमध्ये ती कडक होऊन पुन्हा गळते म्हणून. मला हा नकार पटला, पण शहरात दुसरी चक्कर पडते. बसायला सावली नाही, मे महिन्यात टिनाखाली उभं राहणं मुश्कील. फोनवर काहीच सांगत नाहीत, ट्रॅक्टर घेऊनच यावं लागतं. आणि पेरणीच्या तोंडावर गेलात तर नंबरच लागणार नाही, तूर निघाल्यावर किंवा उन्हाळवाही संपल्या संपल्या जा.

दाखवायला नेताना मागे नांगर किंवा रोटाव्हेटर लावूनच न्या, रिकाम्या लिफ्टवर हा दोष दिसतच नाही आणि काकाजी वजन लावल्याशिवाय पाना हातात घेत नाहीत. आणि घरून निघायच्या आधी ऑइल बदलू नका, जुनं ऑइलच त्यांना अर्धं निदान सांगतं.