सनरूफ नंतर बघा, आधी बॉनेट उघडायला लावा : महिंद्राच्या इंजिनांबद्दल

"एमहॉक हाय ना, मग झालं" असं म्हणून गाडी बुक करणारे आमच्याकडं लई लोक आहेत. शोरूममधी गेल्यावर स्क्रीन किती इंची, सनरूफ केवढं, कॅमेरे किती हे सगळं विचारतात आणि इंजिन कोणतं म्हणलं की "डिझेल" एवढ्यावर विषय संपतो. पण एमहॉक हे एका इंजिनाचं नाव नाही, महिंद्राच्या बऱ्याच डिझेल इंजिनांचं आहे. बोलेरोत आहे ते तीन सिलेंडरचं दीड लिटर इंजिन पण एमहॉकच आणि एक्सयूव्ही ७०० मधलं चार सिलेंडरचं २.२ लिटर पण एमहॉकच, एक ७६ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप, हॉर्सपॉवरसारखं) आणि दुसरं १८५ पीएसचं, आणि दोन्हीचं काम पार वेगळं. म्हणून गाडीचा नाही, फक्त इंजिनांचा रिव्ह्यू लिहितोय. आमच्या घरात, भावकीत आणि मित्रांत मिळून यातली बहुतेक इंजिनं चालवायला मिळाली आहेत, तीही मांजरसुंब्याचा घाट, कन्नडचा घाट, कारखान्याचे धुळीचे रस्ते आणि आता जालन्यावरून समृद्धी, अशा सगळ्या ठिकाणी.

सगळ्यात आधी २.२ बद्दल, कारण महिंद्राचं खरं इंजिन हेच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. स्कॉर्पिओ २००२ ला आली तेव्हा तिच्यात २.६ लिटरचं टर्बो डिझेल होतं, जोर होता पण आवाज आणि थरथर पण तेवढीच. मग २००८ ला २.२ एमहॉक आलं, ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीसोबत मिळून केलेलं, आणि तिथून स्कॉर्पिओचं रूपच बदललं. पुढं एक्सयूव्ही ५०० मधी हेच इंजिन १४० पीएसचं होऊन आलं. मधी २०१५ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं दिल्लीत २००० सीसीच्या वरच्या डिझेल गाड्यांचं रजिस्ट्रेशन थांबवलं, तर महिंद्रानं महिन्याभरात ह्याच इंजिनाचं १.९९ लिटर रूप काढून दाखवलं. त्या वेळी आमच्याकडं त्याचं कुणाला काही वाटलं नाही पण इंजिन आपलं स्वतःचं असलं की काय होतं ते यातून कळतं, दुसऱ्याकडून इंजिन विकत घेणारी कंपनी इतक्या लवकर हे करूच शकली नसती.

आताचं २.२ हे जुन्यापेक्षा वेगळं आहे. पूर्ण ॲल्युमिनियमचं आहे, स्कॉर्पिओ क्लासिकला ते बसवलं तेव्हा कंपनीनं सांगितलं की आधीच्यापेक्षा ५५ किलोनं हलकं आणि ॲव्हरेज १४ टक्क्यांनी चांगलं. टक्केवारी मी मोजलेली नाही पण पुढचं वजन कमी झाल्याचं वळणावर स्टेअरिंगला लगेच समजतं. आणि इथं नीट लक्ष द्या, हे एकच २.२ वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. क्लासिकमधी १३२ पीएस आणि ३०० न्यूटन मीटर (हे टॉर्कचं, म्हणजे इंजिनाच्या ओढीचं माप). स्कॉर्पिओ एनच्या खालच्या मॉडेलला तेवढंच, आणि वरच्या मॉडेलला १७५ पीएस, मॅन्युअलला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४०० न्यूटन मीटर. एक्सयूव्ही ७०० ला १८५ पीएसपर्यंत, ऑटोमॅटिक असेल तर ४५० न्यूटन मीटर. बाहेरून गाडी तीच, नाव तेच, पण खालचं मॉडेल घेऊन "माझ्या एनला दाजींच्या एनएवढा पिकअप कामून नाही" असं विचारणारे मी स्वतः बघितलेत. घेतानाच विचारायचं, पीएस किती आणि न्यूटन मीटर किती, लेखी.

पीएसपेक्षा मी न्यूटन मीटर आधी बघतो. कामून, तर आपल्याकडं गाडीत पाच माणसं, वर सामान, मे महिन्यात ४२ च्या पुढं ऊन, एसी फुल, आणि समोर घाट. साध्या १.२ पेट्रोलला ११०-११५ न्यूटन मीटर मिळतो आणि तोही चार हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढं, म्हणजे गिअर पाडत पाडत, इंजिन ओरडवत चढायचं. २.२ ला १६००-१७०० आरपीएमलाच पूर्ण ओढ मिळते, मांजरसुंबा थर्ड-फोर्थवर निवांत निघतो, एसी बंद करायची गरज पडत नाही. ऊसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलं आणि जरा जागा दिसली की गाडी जागेवरून उचलते, ओव्हरटेकला जीव टांगणीला लागत नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी जादाचे पैसे द्यायला तयार आहे.

आता दीड लिटर. इथं लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. महिंद्राची दीड लिटर डिझेल इंजिनं दोन आहेत. १४९३ सीसीचं तीन सिलेंडरचं, ते बोलेरो आणि बोलेरो निओमधी. १४९७ सीसीचं चार सिलेंडरचं, ते एक्सयूव्ही थ्रीएक्सओ ह्या छोट्या गाडीत आणि थारच्या टू व्हीलमधी (फक्त मागच्या चाकांना ताकद जाते ती). फरक चार सीसीचा दिसतो पण इंजिनं वेगळी आहेत.

बोलेरोचं तीन सिलेंडरचं आलं २०१६ ला, पॉवर प्लस ह्या मॉडेलमधी. त्याआधी २५२३ सीसीचं होतं. चार मीटरच्या आत गाडी आणि दीड लिटरच्या आत डिझेल असलं की टॅक्स कमी बसतो, म्हणून हा बदल. तेव्हा गावात सगळे म्हणत होते की बोलेरोचा दम गेला, तीन सिलेंडरची रिक्षा केली. पण आकडे बघा, जुन्याला ६३ पीएस आणि १९५ न्यूटन मीटर होता, नव्याला ७१ पीएस आणि तेवढाच १९५ न्यूटन मीटर, आणि बीएस ६ ला (सरकारचा धुराचा नवा नियम) ७६ पीएस आणि २१० झाला. दम कुठंच गेला नाही. थरथर मात्र आहे, उभ्या गाडीत गिअरची दांडी हलताना दिसते, आणि ८०-९० च्या पुढं ह्या इंजिनाला पळवण्यात अर्थ नाही. पण शेतातून दूध, खत, माणसं, तालुक्याला जाऊन परत, असं वर्षानुवर्षं राबायचं असेल तर ह्यासारखं इंजिन नाही, आणि कोणत्याही फाट्यावरच्या मिस्त्रीला त्याच्यातलं कळतं. निओमधी हेच इंजिन १०० पीएस आणि २६० न्यूटन मीटरचं आहे, मला ते जास्त आवडतं, थोडे पैसे जादा पडले तरी हायवेवर जाणाऱ्यानं निओच बघावी.

मोसंबी, टोमॅटो, सोयाबीन वाहणाऱ्या बोलेरो पिकअपला मात्र अजून २५२३ सीसीचंच इंजिन आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लोडसाठी ते बरोबर आहे, त्याला हात लावू नये. जुन्या लोकांना एमएम ५४० आठवत असेल, प्यूजोचं लायसन घेऊन बनवलेलं २.१ लिटरचं डिझेल, धूर सोडत सोडत पण वडाप भरून चालायचं. तिथून इथवर कंपनी आली ते स्वतः इंजिन करायला शिकली म्हणून, आणि इगतपुरीला आपल्याच राज्यात ही इंजिनं बनतात याचा मला अभिमान वाटतो.

१४९७ सीसीच्या चार सिलेंडरबद्दल जास्त कुणी बोलत नाही, पण माझ्या मते पूर्ण रेंजमधी पैसे वसूल इंजिन हेच. ११७ पीएस, ३०० न्यूटन मीटर. म्हणजे क्लासिकच्या २.२ एवढाच टॉर्क, आणि तो थ्रीएक्सओसारख्या छोट्या गाडीत! लातूर-नांदेड रस्त्याला ही गाडी चालवून बघा, पाचव्या-सहाव्या गिअरवर सोडून द्यायची आणि बसायचं. आवाज पण तीन सिलेंडरपेक्षा किती तरी कमी.

पेट्रोलवाल्यांसाठी दोन. २.० लिटरचं एमस्टॅलियन टर्बो, २०२० च्या थारला १५० पीएसमधी आलं, एक्सयूव्ही ७०० ला २०० पीएस आणि एनला २०३ पीएस. चालवायला एक नंबर इंजिन, शांत आणि पळायला वाघ, समृद्धीवर १२० ला चाललंय हे आत बसलेल्याला कळत पण नाही. पण पितं. गावात गर्दीत ॲव्हरेज एक आकडी होतं आणि पाय जड असेल तर हायवेला पण फार वर जात नाही. महिन्याला रनिंग कमी असणाऱ्यानं, डॉक्टर, वकील, दुकानदार यांनी घ्यावं, रोज लातूर-संभाजीनगर करणाऱ्यानं घेऊ नये. दुसरं १.२ टर्बो, थ्रीएक्सओमधलं, १११ पीएसचं आणि डायरेक्ट इंजेक्शनवालं १३० पीएसचं. घेणार असाल तर १३० वालं घ्या, खालच्या आरपीएमला दोन्ही थोडी झोपलेली वाटतात पण १३० वालं लवकर जागं होतं.

बीएस ६ डिझेल घेणाऱ्यांनी काही गोष्टी डोक्यात ठेवा, कंपनी कोणतीही असो. एक तर कॅनातलं डिझेल टाकू नका. जुनी इंजिनं कसलंही पचवायची, आताच्या कॉमनरेलमधी डिझेल हजार बारच्या वर प्रेशरनं इंजेक्टरमधून जातं, त्यात पाणी नाहीतर कचरा गेला की इंजेक्टर गेला आणि खर्च मोठा आहे. एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच उघडून बघा, गळीत हंगामात आपल्या रस्त्यांची धूळ पुस्तक लिहिणाऱ्यानं बघितलेली नसते. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरमधली काजळी पकडणारी जाळी, ती जळून साफ व्हायला गरम व्हावी लागते, घर ते शेत एवढंच रोज चालवलं तर ती भरते आणि दिवा लागतो, म्हणून अधूनमधून अर्धा-पाऊण तास हायवेला एकसारखी पळवून आणा.

आणि ॲडब्लू, म्हणजे धूर साफ व्हायला वेगळ्या टाकीत टाकायचं पाणी. एन आणि एक्सयूव्ही ७०० च्या डिझेलला ते लागतं. ते ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध पाणी असतं, आणि एकानं मला खरंच विचारलं होतं की घरच्या खताच्या गोणीतला युरिया कालवून चालेल का. अजिबात नाही! खताच्या युरियात जे बाकीचं असतं त्यानं पंप, नोझल आणि आतला कॅटॅलिस्ट सगळं खराब होतं. पॅकबंद कॅनच घ्या आणि टाकी पार रिकामी होऊ देऊ नका, संपलं की गाडी एकदा बंद केल्यावर परत सुरू होत नाही. घाट चढून आल्यावर ढाब्यावर थांबलात तर लगेच चावी फिरवू नका, अर्धा-एक मिनिट चालू राहू द्या, टर्बोला तेलाची गरज असते.

कंपनीकडून मला एकच हवंय. थारमधी ते १४९७ सीसीचं इंजिन फक्त मागच्या चाकांना दिलंय, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) पाहिजे असेल तर २.२ नाहीतर पेट्रोल घ्यावं लागतं. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत टू व्हील गाडी बांधावरच अडकते, आणि ३०० न्यूटन मीटर असलेल्या इंजिनाला लो रेंजचा गिअर दिला तर कमी पैशात शेतकऱ्याच्या खऱ्या कामाची थार तयार होईल. तेवढं द्या, मी पहिल्या दिवशी बुक करतो.