बाजार कोसळतो त्या दिवशीचं ऑफिस: म्हापशातल्या एका सब-ब्रोकरविषयी

म्हापसा बाजाराजवळ, कपड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर, मोठ्या ब्रोकरच्या वतीने शेअरची खरेदी-विक्री करून देणाऱ्या सब-ब्रोकरचं हे ऑफिस आहे. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. मी निवृत्त शिक्षिका. शेअर ठेवायचं डीमॅट खातं तिथलंच. बाजार चढता असला की सगळेच ब्रोकर हुशार वाटतात. खरी पारख ७ एप्रिल २०२५ सारख्या सोमवारी होते.

अमेरिकेने २ तारखेला आयातशुल्क जाहीर केलं होतं आणि त्या सकाळी सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, जवळपास ३,९०० अंकांनी खाली उघडला. मी गेले तेव्हा टीव्हीवर निवेदक ओरडत होता. मालकाने आधी टीव्हीचा आवाज बंद केला. "टीचर, बसात. अंक सोडा, टक्के बघूया." एका जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटच्या (सौद्याच्या पावतीच्या) कोऱ्या बाजूला त्याने तीन आकडे एकाखाली एक लिहिले: ५७०, ३,९३४, ३,९००. पहिला २८ एप्रिल १९९२ चा, हर्षद मेहता प्रकरणातला. दिसायला किरकोळ, पण तेव्हा सेन्सेक्सच साडेचार हजारांच्या आत होता, म्हणजे घसरण १२.७७ टक्के. दुसरा २३ मार्च २०२०, कोरोनाचा: १३.१५ टक्के. तिसरा त्याच सकाळचा, तो सुमारे पाच टक्के भरला. दुसरा आणि तिसरा आकडा जवळजवळ सारखा, पण तिसऱ्याची पडझड निम्म्याहूनही कमी! इतकी वर्षं पोरांना शेकडेवारी शिकवली, पण टीव्हीवरचा लाल आकडा बघून ती करायचं माझ्याही मनात आलं नव्हतं.

मग त्याने हाँगकाँग, जपान दाखवलं. ते बाजार आपल्याआधी उघडतात आणि तिथे आपल्यापेक्षा जास्त वाताहत होती. म्हणजे कारण बाहेरचं. माझ्या कंपन्यांनी रातोरात काही बिघडवून ठेवलं नव्हतं. निर्देशांक १० टक्के पडला आणि दुपारचा एक वाजलेला नसला, तर पाऊण तास व्यवहार थांबतात, हेही त्याने सांगितलं. तिथवर वेळ आलीच नाही. दिवसअखेर घसरण २,२२६ अंकांवर, म्हणजे २.९५ टक्क्यांवर आली.

शेजारच्या खुर्चीतल्या पोराला मात्र हे गणित लागू नव्हतं. त्याचे फ्यूचर्स होते, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने घ्यायचे वायदे; त्यासाठी ठेवायची अनामत, म्हणजे मार्जिन, कमी पडलं होतं आणि पैसे भरा नाहीतर सौदा कापू, म्हणजे आम्हीच विकून टाकू, असे मेसेज फोनवर येत होते. असे हजारो सौदे एकाच वेळी कापले जातात, त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि मग पुढच्याचं मार्जिन संपतं. मालक मला हळूच म्हणाला, "त्याला थांबायची सोय नाही, तुम्हाला आहे." खरं तर हे त्या पोराला खातं उघडतानाच सांगायला हवं होतं. वायदे व्यवहारांत (फ्यूचर्स आणि ऑप्शन्समध्ये) २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांचं नुकसान झालं, असं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्याच पाहणीत आहे. तो कागद भिंतीवर कुठे दिसला नाही. दलाली मिळते ना!

मी काहीच विकलं नाही. १५ एप्रिलला सेन्सेक्स २ तारखेच्या पातळीच्या वर बंद झाला. इतक्या लवकर सावरेल असं मालकही म्हणाला नव्हता. "कधी ते विचारू नका," एवढंच त्याचं म्हणणं. हे मला आवडलं.

आता तक्रारी. फोन लागत नाही, म्हणजे लागतच नाही. स्टेटमेंट इंग्रजीतून, बारीक अक्षरात. वार्षिक शुल्क कशाचं किती, ते दोनदा विचारल्याशिवाय कळत नाही. आणि बाजार पडल्याच्याच आठवड्यात काउंटरवरच्या मुलीने "आता सेफ काहीतरी घ्या" म्हणत विम्याची पॉलिसी माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. मालक आत बसून ऐकत होता, पण बोलला नाही.

पाचपैकी साडेतीन. शुक्रवारी जाऊ नका, आठवड्याच्या बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि थेट मालकाच्याच टेबलाशी जा.