केर्लीचा ‘लव्ह इज डेड’: कुठून सुरू करावा, काय गाळावं

2008 साली आयट्यून्सने ‘वॉकिंग ऑन एअर’ हे गाणं आठवडाभर फुकट दिलं आणि ते साडेपाच लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झालं. फुकट ते पौष्टिक! पण हे गाणं ज्या अल्बममधलं, तो ‘लव्ह इज डेड’ अमेरिकेच्या अल्बम-क्रमवारीत, बिलबोर्ड 200 मध्ये, 126 व्या क्रमांकाच्या वर चढलाच नाही. एस्टोनियातल्या एल्वा या छोट्या गावात 1987 मध्ये जन्मलेल्या गायिका केर्ली कोइवची सगळी कारकीर्द या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी सापडते.

अल्बम गडगडला तो तिच्या आवाजामुळे नाही, सरमिसळीमुळे. बारा गाण्यांत जड गिटार, ट्रिप-हॉप या संथ इलेक्ट्रॉनिक संगीताचे ठोके, पियानोवरची हळवी गाणी आणि नाचाचा ठेका हे सगळंच कोंबलंय. ‘वॉकिंग ऑन एअर’च्या परीकथेवर भुलून आलेल्याला ‘क्रीपशो’चा धांगडधिंगा परका वाटतो. हेच गाणं ‘बर्नआउट पॅरडाइज’ या मोटारींच्या गेममध्ये मात्र अगदी चपखल बसलं.

म्हणून क्रमाने ऐकू नका. आधी ‘वॉकिंग ऑन एअर’: कडव्यात कानाशी कुजबुजल्यासारखा हलका सूर, ध्रुवपदात तोच आवाज एकदम मोकळा सुटतो. मग शीर्षकगीत, ‘बटरफ्लाय क्राय’ आणि शेवटचं ‘फ्रॅजाइल’. हे शेवटचं हेडफोनवरच ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर त्यातलं निम्मं हरवतं. ‘अप अप अप’ गाळलंत तरी चालेल.

पुढे तिने रोख नाचाच्या संगीताकडे वळवला. ‘आर्मी ऑफ लव्ह’ 2011 मध्ये बिलबोर्डच्या डान्स क्लब यादीत पहिलं आलं. त्याच वर्षी अमेरिकन पॉप-स्टार डेमी लोव्हाटोचं ‘स्कायस्क्रेपर’ अमेरिकेच्या हॉट 100 या गाण्यांच्या यादीत दहाव्या क्रमांकावर गेलं. त्याच्या तीन गीतकारांपैकी एक केर्ली, हे ते गुणगुणणाऱ्या कितीजणांच्या गावी असेल? तिचं सर्वात दूर पोचलेलं लेखन दुसरीच्या गळ्यातून पोचलं.

मायदेशीही नशीब तसंच. युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्याच्या स्पर्धेसाठीच्या एस्टोनियन निवडफेरीत 2004 मध्ये दुसरी, 2017 मध्ये ‘स्पिरिट ॲनिमल’ घेऊन पुन्हा दुसरीच. पण लोकप्रियता नुसत्या क्रमांकांवर मोजली तर तिचा खरा चाहता सुटतो. ‘बबलगॉथ’ हा गुलाबी-काळा थाट तिने रुजवला, आणि चेहऱ्यावर ठिपके काढणारी पोरं स्वतःला ‘मूनचिल्ड्रन’ म्हणवू लागली.

एकच अल्बम घ्यायचा असेल तर मात्र 2019 चा ‘शॅडो वर्क्स’ घ्या. मोठ्या कंपनीचा हात नाही, आणि पहिल्या अल्बममधली ओढाताणही नाही. त्याआधी 2016 चं ‘फेरल हार्ट्स’ हे गाणं व्हिडिओसकट बघा: बाहुलीचा मेकअप गेलाय, मागे एस्टोनियाचं रान आहे.